आयल ऑफ वाइट : आईबाबा आणि डायनोसॉरवेडं पोरगं, कुठले किनारे करावेत?

पोफळी

नमस्कार मंडळी,

मेच्या शेवटी शाळेला हाफ-टर्मची सुट्टी आहे आणि तेव्हा पुण्याहून आईबाबा आलेले असतील. लंडन, बाथ, स्टोनहेंज त्यांचं मागच्या खेपेला बघून झालंय. "आता इमारती पुरे, समुद्र दाखव," अशी बाबांची फर्माईश आहे. म्हणून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आयल ऑफ वाइट बेटाचं घाटतंय. आम्ही रेडिंगला राहतो, गाडी आहे.

अडचणी सांगते. आईचे गुडघे कुरकुरतात, फार चढउतार नको. बाबा जन्मभर कारखान्यात इंजिनियर, त्यांना यंत्रबिंत्र दिसलं की तिथून हलत नाहीत. मुलगा सात वर्षांचा, डायनोसॉर सोडून जगात दुसरं काही आहे हे त्याला मान्य नाही. आई शाकाहारी. बाबांना मासे चालतात, म्हणजे पळतात.

गाडी बोटीतून न्यावी की इकडेच ठेवावी? राहायला बेटाची कुठली बाजू बरी? आणि नीडल्सचे, म्हणजे समुद्रातल्या त्या पांढऱ्या सुळक्यांचे, फोटो सगळीकडे दिसतात, पण तिथे प्रत्यक्ष जाऊन करायचं काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

अडकित्ता

बेट ते केवढंसं! ३८० चौरस किलोमीटर. आपली बृहन्मुंबई त्याहून मोठी. सकाळी बोटीतून उतरा, किनाऱ्याकिनाऱ्याने एक गोल मारा, संध्याकाळच्या बोटीने परत. हॉटेलचे पैसे वाचवा.

खलाशीबुवा

अडकित्ता, गोल मारलात तर दिवसभर गाडीची काच दिसेल, समुद्र नाही. रस्ते अरुंद, मधे ट्रॅक्टर, आणि दर वळणावर मागून कोणीतरी "जरा थांबा ना, फोटो काढू" म्हणणार. बेट लहान असलं तरी किनारा सगळीकडे सारखा नाही. पूर्वेला वाळू, दक्षिणेला ढासळते कडे, पश्चिमेला खडू. एका दिवशी एकच बाजू धरावी.

पोफळीताई, मी बोटीवरून निवृत्त झालो आणि आता सोलेंटच्या, म्हणजे बेट आणि इंग्लंडमधल्या चिंचोळ्या समुद्राच्या, अलीकडच्या काठावर राहतो. माझं सांगणं एवढंच की नकाशा नंतर उघडा, आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा. तुमच्या चिरंजीवांसाठी तर तेच मुख्य.

डायनोसॉरच्या पावलांच्या खुणा नैऋत्य किनाऱ्यावर कॉम्प्टन बेला, हॅनोव्हर पॉइंटच्या खाली आहेत. लोक खड्डे शोधतात आणि हात हलवत परत येतात. तिथे खड्डे नाहीत, साचे आहेत. इग्वानोडॉनच्या जातीचं जनावर चिखलातून चालत गेलं, पावलाच्या खळग्यात वाळू भरली, वाळूचा दगड झाला. भोवतीची मऊ माती समुद्राने खाल्ली आणि पाऊल तेवढं दगड होऊन उरलं. तीन जाड बोटांचे, परातीएवढे धोंडे कड्याच्या पायथ्याशी पडलेले असतात, बरेचदा शेवाळलेले. वय साधारण साडेबारा कोटी वर्षं. आधी चित्र दाखवून न्या, नाहीतर पोराला ते नुसते दगड वाटतील. पाणी आणखी मागे गेलं की तिथेच दगड झालेले झाडांचे ओंडकेही उघडे पडतात.

आता वेळ. उधाणाचे दिवस धरा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एकदोन दिवस. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तिथलं पाणी पुरेसं ओसरत नाही, कारण बेटाच्या पश्चिमेला पाण्याची चढउतार मुळातच कमी आहे. पोर्ट्समथकडे उधाणाला ती चार मीटरच्या घरात जाते, तिकडे बरीच कमी. या भागात उधाणाची भरती साधारण दुपारी असते, म्हणजे ओहोटी एकतर भल्या पहाटे नाहीतर संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला. मेमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा संध्याकाळची गाठा. तळ लागायच्या तासदीडतास आधी पोचा आणि पाणी फिरलं की निघा.

आणि कड्याला टेकून डबा उघडू नका. वारा लागत नाही म्हणून सगळे तिथेच बसतात. तो कडा मातीचा आहे, वरून ढेकळं सुटतात.

ओटीवरची

बुवा, नेहमीप्रमाणे झकास. वाचनखूण साठवली.

बोटीचं मी सांगते. गाडीसाठी तीन मार्ग आहेत : पोर्ट्समथ-फिशबोर्न, साउथहॅम्प्टन-ईस्ट काउज आणि लिमिंग्टन-यार्मथ. पहिला आणि तिसरा पाऊण तासाच्या आत-बाहेर, मधला तासाभराचा. पश्चिमेला राहणार असाल तर लिमिंग्टन घ्या, न्यू फॉरेस्टमधून जाताना वाटेत घोडे दिसतात आणि यार्मथला उतरलं की नीडल्स हाकेच्या अंतरावर. रेडिंगहून लांब पडतं खरं.

पैशांचं मात्र मन घट्ट करा. विमानासारखंच आहे, दिवस आणि वेळ बघून दर बदलतो. हाफ-टर्मच्या शनिवारी गाडीसकट जाऊन-येऊन शंभर पाउंडांच्या बऱ्याच वर जातं. बुधवारी भल्या सकाळी जा, खूप फरक पडतो. बेटावर राहणारी माणसंही या दरांवरून कायम कावलेली असतात. आमची एकदा ऐनवेळी फेरी रद्द झाली आणि कंपनीने पुढची दिली ती रात्रीची. नाव घेत नाही, पण परतीच्या दिवशी पुढे कुठलंही विमानबिमान ठेवू नका एवढं नक्की.

बिनगाडीचा पर्याय खरंतर बाबांसाठी जास्त मजेचा. साउथसीहून राईडला होव्हरक्राफ्ट जातं, दहा मिनिटांत. ते यंत्र जन्मलंच या बेटावर. १९५९ साली काउजच्या साँडर्स-रो कंपनीने पहिलं होव्हरक्राफ्ट बांधलं आणि त्याच वर्षी त्याने इंग्लिश खाडी पार केली. राईडला वाळूवर चढून येतं आणि मग बुड टेकवून बसतं, ते बघायला लोक मुद्दाम थांबतात.

दुसरं म्हणजे राईडचा धक्का. १८१४ सालचा, जवळजवळ सातशे मीटर लांब, आणि त्याच्या टोकापर्यंत आगगाडी जाते. पुढे तीच गाडी सँडाउन, शँकलिनला नेते. डबे लंडनच्या जुन्या भुयारी रेल्वेचे. राईडच्या बोगद्याचं छत बुटकं, नेहमीचे डबे त्यात मावत नाहीत, म्हणून १९३८ च्या बनावटीच्या गाड्या २०२१ च्या सुरुवातीपर्यंत चालवल्या. आताच्याही डिस्ट्रिक्ट लाइनवरून निवृत्त झालेल्या, नवी यंत्रं बसवलेल्या. वॉटर्लूहून थेट शँकलिनपर्यंतचं तिकीट निघतं, बोटीसकट.

काजूबोंडू

बाबांना तिथूनच परत आणायला क्रेन लागेल आता.

चुंबळ

माझं मत न पटणारं असेल, पण नीडल्सला जाऊ नका. पार्किंगचे पैसे द्या, मग जत्रा. पाळणे, गोळ्यांची दुकानं, काचेच्या बाटलीत रंगीत वाळू भरण्याचे पैसे. समुद्रात तीन पांढरे सुळके, तेही लांबून. त्यातला खरा सुईसारखा होता तो १७६४ च्या वादळात पडला. उरलेत ते सुळे.

त्यापेक्षा फ्रेशवॉटर बेला गाडी लावा आणि टेनिसन डाउन चढा. मऊ गवत, डावीकडे सरळ तुटलेला पांढरा कडा, वर कवी टेनिसनच्या स्मरणार्थ उभारलेला क्रॉस. तिकीट नाही, गर्दी नाही.

मोरपंखी

चुंबळ, तुम्ही वरची बाग बघून परत फिरलात असं दिसतंय. :)

नीडल्सजवळच्या अॅलम बेचा पाळणा, म्हणजे खुर्च्यांचा रोपवे, घेऊन खाली किनाऱ्यावर उतरायचं. एका हाताला पांढराशुभ्र खडू, दुसऱ्या हाताला तांबड्या-पिवळ्या-राखाडी वाळूचे पट्टे, आणि सगळे उभे. थर आडवे साचतात, इथे ते उभे करून ठेवलेत. आल्प्स ज्या रेट्याने वर आले त्याच्याच धक्क्याने ही घडी पडली. बेटाच्या पूर्व टोकाच्या कल्व्हर क्लिफपासून इथपर्यंत तीच खडूची भिंत बेटाच्या पोटातून आडवी जाते आणि पुढे पाण्यात तिचे तुकडे होतात, त्यांना आपण नीडल्स म्हणतो. हे दुकानातून दिसत नाही हो. वाळू कड्यावरून खरवडायची नाही, मनाई आहे, आणि अंगावर येते ते वेगळंच.

पाळण्याला पायाखाली काही नसतं, नुसती खुर्ची आणि दांडा. उंचीची भीती असेल तर आईंना नको. तिथून ओल्ड बॅटरीपर्यंत, म्हणजे तोफांच्या जुन्या तळापर्यंत, खाजगी गाडी जात नाही, चढाचा रस्ता आहे. पण नीडल्स ब्रीझर ही उघड्या टपाची बस थेट वरपर्यंत नेते. गुडघ्यांचा प्रश्न मिटला. बॅटरीत एक भुयार आहे, त्याच्या टोकाला नीडल्स अगदी समोर येतात, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या १८५९ च्या दीपगृहासकट. गोल जिन्यावरून उतरावं लागतं, तेवढं आजीआजोबा वरूनच बघू शकतात.

पोफळी, बाबांना वर न्यू बॅटरीकडे जरूर न्या. ब्रिटनने स्वतःच्या अग्निबाणांची इंजिनं इथे, या कड्यावर पेटवून तपासली. ब्लॅक नाइट आणि नंतर ब्लॅक अॅरो. १९७१ मध्ये ब्लॅक अॅरोने ऑस्ट्रेलियातून प्रॉस्पेरो उपग्रह कक्षेत सोडला, तोही प्रकल्प गुंडाळायचा निर्णय जाहीर झाल्यानंतर! स्वतःची क्षमता मिळवून मग ती सोडून दिलेला देश. आणि खाली अॅलम बेला मार्कोनीचा स्तंभ आहे, १८९७ मध्ये त्याने तिथल्या हॉटेलातून बिनतारी संदेशांचे प्रयोग सुरू केले. ज्या जागेला चुंबळ जत्रा म्हणतात तिथे एवढं आहे.

चुंबळ

भुयार आणि अग्निबाण मान्य. गोळ्यांचं दुकान अमान्य.

खलाशीबुवा

तुम्हा दोघांना तोडगा : अॅलम बेच्या जेटीवरून छोट्या बोटी नीडल्सच्या अगदी जवळून फिरवून आणतात. वाऱ्याचा दिवस नसला तर उत्तम. जाण्याआधी त्या दिवशी बोटी सुटतायत का हे बघा, पश्चिमेचा वारा असला की बंद.

निवांत_नाना

ऑस्बॉर्न हाउस कोणीच काढलं नाही? ईस्ट काउजला व्हिक्टोरिया राणीचं समुद्राकाठचं घर. ती वारली तीही इथेच, २२ जानेवारी १९०१ ला. आत दरबार रूम आहे, पांढऱ्या नक्षीने भरलेली, मोर, जाळ्या, महिरपी. लाहोरच्या मेयो कलाशाळेचे भाई राम सिंग यांनी ती घडवली, १८९०-९१ मध्ये. त्यांचं नाव कलाशाळेचे प्राचार्य लॉकवुड किपलिंग यांनी सुचवलं होतं. बाहेरच्या मार्गिकेत रुडॉल्फ स्वोबोडाने काढलेली हिंदुस्थानी माणसांची चित्रं आहेत, सरदारांपासून साध्या कारागिरांपर्यंत. आईबाबांना आवडेल.

अडकित्ता

पोफळीच्या बाबांनी स्पष्ट सांगितलंय, इमारती नकोत. आणि आपल्याकडून नेलेल्या मालाचं प्रदर्शन आपणच तिकीट काढून बघायचं?

निवांत_नाना

राम सिंगांचं काम बघायला जायचं, राणीचं घर बघायला नव्हे. ती चित्रं मी जास्त वेळ पाहिली. एरवी राजेमहाराजे भिंतीवर लटकतात, इथे विणकर आणि कुंभार आहेत. आणि ज्या मुन्शी अब्दुल करीमकडून बाई हिंदुस्थानी लिहायला शिकल्या, त्याची पत्रं त्या गेल्याबरोबर मुलाने जाळायला लावली आणि त्याला आग्र्याला परत धाडलं. हे त्याच घरात उभं राहून आठवलं की वेगळं वाटतं.

शिवाय समुद्र आहेच. खाली राणीचा खाजगी किनारा, २०१२ पासून सगळ्यांना खुला. तिचं चाकांवरचं न्हाणीघर तिथे ठेवलंय. १८४७ मध्ये त्यातून ती पहिल्यांदा समुद्रात उतरली. ती लाकडी खोली उतारावरून पाण्यात सोडायची, बाई आतून पायऱ्यांनी पाण्यात, म्हणजे कोणाला काही दिसायला नको. घरापासून किनारा जरा लांब आहे, मिनीबस चालू आहे का तिकीटखिडकीवर विचारा.

अडकित्ता

चाकांवरचं न्हाणीघर बघायला मी येईन.

ओटीवरची

राहण्याबद्दल : आईंसाठी सँडाउन किंवा शँकलिन. सपाट वाळू, बसायला बाकं, चहाची दुकानं. पाणी मात्र मेअखेरीस तेरा अंशांच्या आसपास असतं, पोराला वेटसूट घ्या. व्हेंटनरचा किनारा बारीक गोट्यांचा, पण ते गाव उतारावर टांगलेलं आहे, दर दुकानाला चढ. तिथलं बोटॅनिक गार्डन मात्र सोडू नका. पूर्वी तिथे क्षयरोग्यांचं मोठं इस्पितळ होतं, कारण मागच्या कड्यामुळे उत्तरेचा वारा अडतो. आता त्याच उबेवर माडाच्या जातीची झाडं उघड्यावर वाढतात. खालचा स्टीपहिल कोव्ह सुंदर, बाबांना तिथली खेकड्याची पॅस्टी हवीच हवी, पण गाडीरस्ता नाही. आई वर बागेत, बाबा खाली खेकड्यांत, अशी विभागणी करा.

शँकलिन चाइन ही झाडीतली घळ आहे, १८१७ पासून तिकीट लावून दाखवतात. दुसऱ्या महायुद्धात समुद्राखालून फ्रान्सला इंधन पोचवायला नळ टाकले होते, प्लूटो म्हणत. त्याचा एक तुकडा तिथे ठेवलाय. तोही बाबांच्या खात्यात.

खलाशीबुवा

एक सावधगिरी. दक्षिण किनारा जुन्या नकाशावर विसंबून फिरू नका. ब्लॅकगँगहून नायटनला जाणारा रस्ता १९२८ मध्ये कडा कोसळून तुटला, तो कायमचाच. डिसेंबर २०२३ मध्ये बॉनचर्चला जमीन घसरली आणि शँकलिन-व्हेंटनर हमरस्ता बंद झाला. ब्लॅकगँग चाइनची करमणूक बाग १८४३ पासून चालू आहे, पण तिची समुद्राकडची बाजू सारखी मागे सरकते. पाळणे उचलून आत आणून ठेवतात. फ्रेशवॉटर बेचा प्रसिद्ध आर्च रॉक ऑक्टोबर १९९२ मध्ये पडला, तरी अजून लोक जुनी पोस्टकार्डं घेऊन शोधतात. पायवाट बंद अशी पाटी दिसली तर ती खरी असते, उडी मारून जायचं नाही.

सेंट कॅथरीन्सच्या टेकडीवर एक अष्टकोनी मनोरा दिसेल, गावकरी त्याला मिरपूडदाणी म्हणतात. १३१३ मध्ये दारूची पिंपं घेऊन जाणारं जहाज खाली फुटलं. वॉल्टर द गोडेटन नावाच्या जमीनदाराने पिंपं लाटली. ती निघाली मठाच्या मालकीची! प्रायश्चित्त म्हणून त्याला दीपगृह बांधावं लागलं. इंग्लंडमधलं शिल्लक असलेलं एकमेव मध्ययुगीन दीपगृह ते हेच. शेजारी अठराव्या शतकातलं दुसरं अर्धवट पडलंय, मिठाची दाणी. इतक्या उंचावर धुकंच फार, दिवा दिसणार कोणाला? शेवटी १८३८ चं दीपगृह खाली, पाण्याजवळ बांधलं.

अवांतर : सोलेंटच्या मधोमध ब्रॅम्बल बँक नावाची वाळूची पट्टी आहे. वर्षातल्या मोठ्या ओहोटीला ती तासभर उघडी पडते आणि दोन यॉट क्लब तिथे क्रिकेट खेळतात. कोण जिंकणार हे पाळीपाळीने आधीच ठरलेलं असतं. पाणी घोट्याला लागलं की सामना संपला.

काजूबोंडू

आमच्या सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटलाही हाच नियम लावा, भांडणं तरी थांबतील.

पोफळी

मंडळी, जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय कारण आईबाबा परवाच परत गेले.

शेवटी गाडी नेली, लिमिंग्टनवरून, आठवड्याच्या मधल्या दिवशी. राहिलो टोटलंडला.

हॅनोव्हर पॉइंटला बुवांच्या हिशेबाने पौर्णिमेनंतर संध्याकाळी गेलो. नॅशनल ट्रस्टच्या वाहनतळावरून खाली उतरायची वाट ओबडधोबड आहे, आई काठी टेकत आणि ह्यांचा हात धरत उतरली. चिरंजीव पळत पुढे आणि पाच मिनिटांत हिरमुसून मागे : "इथे काहीच नाहीये." छापील चित्र माझ्या हातात, दगड शेकड्याने, सगळे हिरवट आणि चिकट. आई दमून एका धोंड्यावर टेकली. पोरगं तिच्याकडे बघत राहिलं आणि ओरडलं, "आजी, ऊठ! तू त्याच्या पायावर बसलीयेस!" खरंच तीन बोटं होती. मधलं बोट आईच्या पंज्याहून रुंद, कडेला शंखशिंपल्यांचा खरबरीत थर. एक दिसल्यावर मग डोळ्याला सवय झाली आणि पुढे दिसतच गेली. तो वाळूतले सुटे तुकडे वेचत होता तेव्हा तिथे फिरणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं की किनाऱ्यावर पडलेलं चालतं, कड्यात खणायचं नाही. एक काळा, हलक्या जाळीचा तुकडा बघून ते म्हणाले, हाड आहे. दुसऱ्या दिवशी सँडाउनच्या डायनोसॉर आयल संग्रहालयात दाखवला, तिथेही हाडच म्हणाले. कोणाचं ते कळण्याइतका मोठा नाही. पोराने इग्वानोडॉन असं ठरवून टाकलंय.

नीडल्स : मी मोरपंखींच्या बाजूने. आई पाळण्यात बसायला तयार नव्हती, मग बाबा गेले म्हणून गेली, आणि परत येताना तिला आणखी एक फेरी हवी होती. न्यू बॅटरीत बाबांनी प्रत्येक फलक वाचला. चुंबळ, तुमचं टेनिसन डाउन मी एकटीने पहाटे केलं, तेही भारी. दोन्ही करावं.

ऑस्बॉर्नला नाही गेलो, वेळच उरला नाही. नाना, रागवू नका.

जेवण : आईसाठी ठेपले, दशम्या नेल्याच होत्या. न्यूचर्चजवळ लसणाचं शेत आहे, द गार्लिक फार्म, तिथे लसणाचं आइस्क्रीम मिळतं. बाबांनी घेतलं. आई म्हणाली, चटणीचं काय वाईट होतं?

निवांत_नाना

रागवत नाही. पुढच्या खेपेला आधी ऑस्बॉर्न, मग डायनोसॉर.

हिवाळी_मुक्काम

धागा वर काढतोय. आम्ही नाताळच्या सुट्टीत जाणार आहोत, गाडी नाही. नीडल्सचा पाळणा आणि ती उघडी बस तेव्हा असते का?

मोरपंखी

नाही, दोन्ही हंगामापुरतं. ब्रीझर साधारण मार्च ते ऑक्टोबर, पाळणाही हिवाळ्यात बंद. न्यूपोर्टहून अॅलम बेला साधी बस असते, तिथून बॅटरीपर्यंत चालत जायचं. ओल्ड बॅटरीही तेव्हा बहुतेक बंद मिळेल, पण कड्यावरची वाट उघडी असते. वारा मरणाचा, टोपी बांधून ठेवा. आणि दिवस चारलाच मावळतो, तेव्हा परतीच्या बसची वेळ आधी बघा, मगच चढायला लागा.